सस्पेन्शनमधला दोष आणि रिकॉलची दुरुस्ती: सातारा जिल्ह्यातल्या गाडीमालकांनी काय करायचं

गाडीच्या खालून आवाज यायला लागला, टायर आतून घासायला लागले, म्हणून आपण सर्व्हिस सेंटर गाठलं की काउंटरवरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, रस्ते कसे झालेत बघताय ना." आपल्याला ते पटतंही, कारण रस्ते खरंच तसे आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांकडे जाणारे रस्ते ट्रॉल्यांच्या वजनानं दबतात. पावसाळ्यात मेढ्याकडून महाबळेश्वरला चढताना किंवा पाटणच्या बाजूला जाताना खड्डा पाण्याखाली दिसत नाही. गावोगावचे गतिरोधक तर रंग न मारलेले.

पण या एका उत्तराखाली झीज आणि दोष अशा दोन वेगळ्या गोष्टी गाडल्या जातात. सस्पेन्शन म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडून हादरे झेलणारी रचना. तिच्यातलं रबरी बुश झिजणं हे रस्त्याचं काम. लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, वेल्डिंगपाशी तडकणं हे बनावटीचं काम असू शकतं, आणि तसं असेल तर त्याचं बिल मालकानं भरायचं नसतं. भारतात विकली जाणारी गाडी भारतातल्या रस्त्यांसाठीच मंजूर झालेली असते, त्यामुळे इथले रस्ते कंपनीला ठाऊक नव्हते असं म्हणता येत नाही. रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीनं मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावणं, जाहीर झाला तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. भाग शिल्लक नाहीत, तारीख मिळत नाही, "बघितलं, ठीक आहे" म्हणून गाडी परत येते आणि आवाज तसाच राहतो. यातून मार्ग काढायचा तर प्रत्येक टप्प्यावर कागद हातात पाहिजे. कुठला, कधी आणि कसा, ते पुढे क्रमानं सांगतो.

आधी ओळखा: झीज की दोष

सस्पेन्शनमधले काही भाग झिजण्यासाठीच असतात. रबरी बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट आणि शॉकॲब्सॉर्बरचं सील हे सगळं कधी ना कधी बदलावं लागतं. आपल्याकडे ते थोडं लवकर लागतं, एवढंच. लोअर आर्म, नकल, मागचा एक्सल, कॉइल स्प्रिंग, दुचाकीचा पुढचा फोर्क किंवा मागचा स्विंग आर्म हे भाग मात्र मोठा अपघात किंवा जबर आदळ नसेल तर तुटायचे नाहीत. ते तुटले, तडकले किंवा वाकले, तर "रस्ता" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

आवाजावरून बरंच कळतं. छोट्या खड्ड्यांवर सतत बारीक खडखड होत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड गेलेला असतो. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकदाच "टक" झालं तर लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला फिरता सांधा) बघा. गाडी जागेवर उभी ठेवून स्टीअरिंग फिरवताना कडकड झाली, स्प्रिंग उसळून जागा बदलल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रट माउंट किंवा तुटलेली स्प्रिंग असू शकते. आवाज येतो त्या वेळी शेजारी बसलेल्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि वेग, रस्ता, गाडीत किती माणसं होती हे तोंडानं बोलून त्यातच नोंदवा. सर्व्हिस सेंटरच्या गुळगुळीत आवारात तो आवाज येत नाही आणि "आम्हाला काही सापडलं नाही" असा शेरा पडतो. हे रेकॉर्डिंग तेव्हा उपयोगी पडतं.

घरी करता येतील अशा तपासण्या आहेत. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या वरच्या कमानीपर्यंतची उंची टेपनं मोजा. उजव्या-डाव्या बाजूत सहज दिसेल एवढा फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे. एकेका कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप काम करतोय, दोन-तीनदा हेलकावली तर तो गेला. टॉर्च घेऊन शॉकअपच्या नळीवर ओलं तेल आहे का बघा. नुसती धूळ चिकटलेला पातळ थर असेल तर चालतं, पण तेल ओघळलेलं असेल तर चालत नाही. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, कारण बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारेपर्यंत गेलेला असतो आणि उभ्या गाडीकडे बघून ते कळत नाही.

चाक हलवून बघायचं असेल तर ते ओळखीच्या मेकॅनिककडे, रॅम्पवर किंवा स्टँडवर करा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवताना खेळ जाणवला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, एका मिनिटासाठीसुद्धा.

काही खुणा दिसल्या तर गाडी तिथंच थांबवायची: एक चाक कमानीत तिरकं दिसणं, मोठा आवाज होऊन स्टीअरिंग एकदम वाकडं होणं, एक कोपरा खाली बसणं, बॉल जॉइंटला स्पष्ट खेळ असणं, स्कूटरच्या फोर्कवर किंवा स्विंग आर्मवर तडा दिसणं. बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेरच्या बाजूला मोडतं, ब्रेकची होज आणि ड्राइव्ह शाफ्ट ओढले जातात. पसरणी घाटात उतरताना किंवा पुण्याकडून येताना खंबाटकी चढताना हे झालं तर सावरायला जागा नसते. "साताऱ्यापर्यंत हळूहळू नेऊ" हा विचार तेव्हा करू नका, टोइंग मागवा. बहुतेक कंपन्यांची आणि अनेक विमा पॉलिसींची रोडसाइड असिस्टन्स सेवा असते, तिचा नंबर आजच फोनमध्ये साठवा.

तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, हे कसं शोधायचं

आरसी काढा. त्यावर चेसिस नंबर असतो, १७ अक्षर-अंकांचा. इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच वापरत नाहीत, म्हणून गोल दिसतं ते शून्य आणि उभी रेघ दिसते तो एक. रिकॉल शोधताना "माहिती सापडली नाही" येण्यामागं बऱ्याचदा हीच चूक असते. आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी एकदा ताडून पाहा.

हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या (मोहिमेच्या) पानावर टाका. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या वेबसाइटवरही कंपन्यांनी स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलची यादी असते. स्वेच्छेच्या रिकॉलसाठी सियामनं २०१२ मध्ये नियमावली आणली, तेव्हापासून ही माहिती एका जागी ठेवली जाते. शेवटी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून विचारा आणि तक्रार क्रमांक मागा. जे उत्तर मिळेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, "रिकॉल नाही" असं उत्तर आलं तरी ठेवा. पुढं सहा महिन्यांनी रिकॉल जाहीर झाला, तर तुम्ही आधीच तक्रार केली होती हे त्यातून दिसतं.

शोधताना फक्त "रिकॉल" हा शब्द शोधू नका. कंपन्या हेच काम वेगवेगळ्या नावांनी करतात. २०१९ मध्ये महिंद्रानं मे २०१९ पर्यंत बनलेल्या एक्सयूव्ही ३०० च्या मर्यादित गाड्यांतल्या सस्पेन्शनच्या एका भागाची मोफत तपासणी आणि दुरुस्ती जाहीर केली. मार्च २०२३ मध्ये ओला इलेक्ट्रिकनं आपल्या एस१ स्कूटरचा पुढचा फोर्क मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली. फोर्क सुरक्षित असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं, आणि या कामाला तिनं अपग्रेड म्हटलं. मालकाच्या दृष्टीनं नावाला महत्त्व नाही. भाग मोफत बदलून मिळतोय ना, आणि आपला चेसिस नंबर त्या यादीत आहे ना, हे बघायचं.

आपल्याकडे एक अडचण फार मोठी आहे. साताऱ्यात, कराडला, फलटणला फिरणाऱ्या कितीतरी गाड्या पुण्या-मुंबईतून सेकंडहँड आलेल्या आहेत. रिकॉलचा एसएमएस आणि पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. गाडी एमएच १२ ची, मालक आता कोरेगावचा, आणि कंपनीच्या नोंदीत अजून कोथरूडचा फोन नंबर. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर आरसी नावावर झाली की लगेच कंपनीच्या कस्टमर केअरला नवीन नाव, फोन आणि पत्ता लेखी कळवा. रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकालाही दुरुस्ती मोफतच मिळायला हवी. वॉरंटी संपली असेल, सर्व्हिस बाहेर केली असेल, तरीही.

दरवर्षी विम्याचं नूतनीकरण करताना चेसिस नंबर पुन्हा एकदा तपासायची सवय लावा.

तारीख घेणं आणि भाग मिळवणं

लोकांचा सर्वात जास्त संताप इथं होतो, आणि तो रास्त आहे. म्हसवडहून किंवा पाटणहून माणूस एक दिवसाची मजुरी किंवा दुकान बुडवून साताऱ्याला येतो आणि त्याला सांगतात, "पार्ट आला नाही, पुढच्या आठवड्यात फोन करतो." फोन येत नाही.

म्हणून पार्ट सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्यक्ष आला आहे, हे लेखी मिळाल्याशिवाय गाडी नेऊ नका. फोनवर होणारं बोलणं नोंदीत राहत नाही. सर्व्हिस ॲडव्हायजरच्या व्हॉट्सॲपवर आणि सोबत कंपनीच्या ईमेलवर साध्या मराठीत असा मजकूर पाठवा:

"माझ्या गाडीचा नंबर अमुक, चेसिस नंबर अमुक. सस्पेन्शनच्या अमुक भागासाठी आपल्या कंपनीनं जाहीर केलेल्या मोहिमेत माझी गाडी आहे. कृपया लेखी कळवा: १) मोहिमेचा क्रमांक काय, २) माझ्या गाडीचा भाग आपल्याकडे उपलब्ध आहे का, नसल्यास कोणत्या तारखेपर्यंत येईल, ३) दुरुस्तीला किती वेळ लागेल, ४) भाग येईपर्यंत गाडी चालवणं सुरक्षित आहे का. सुरक्षित नसल्यास टोइंगची आणि पर्यायी वाहनाची सोय कंपनी कशी करणार, तेही कळवा."

चौथा प्रश्न वगळू नका. "चालवा, काही होत नाही" असं तोंडी सांगणारा माणूस तेच लिहून द्यायला सहसा कचरतो, आणि लिहून देणं टाळलं की वरिष्ठांकडे जायचं कारण तुमच्या हातात आलं. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलला पुढचा ईमेल जोडा. नवीन संभाषण सुरू करू नका, एकच साखळी राहू द्या.

साताऱ्यातल्या डीलरकडे भाग नसेल तर कराड, सांगली, कोल्हापूर, पुणे इथं विचारा. रिकॉलची दुरुस्ती कंपनीच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात होते, गाडी जिथं घेतली तिथंच नेण्याचं बंधन नसतं.

गाडी दुरुस्तीला देतानाचा दिवस

सकाळी लवकर जा आणि जॉब कार्ड (कामाच्या नोंदीचा कागद) तयार होताना समोर उभे राहा. "जनरल चेकअप" किंवा "नॉइज कंप्लेंट" एवढंच लिहिलेलं कार्ड घेऊ नका. मोहिमेचा क्रमांक, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटर आणि तारीख हे सगळं त्यावर आलं पाहिजे. आवाज ज्या रस्त्यावर येतो तिथं टेक्निशियनला शेजारी बसवून फिरवून आणा. सेंटरजवळ एखादा खराब तुकडा किंवा गतिरोधक असतोच.

पुढचा मुद्दा नीट समजून घ्या. रिकॉल दोन प्रकारचे असतात. एकात भाग सरसकट बदलतात. दुसऱ्यात आधी तपासतात आणि दोष दिसला तरच बदलतात. अमेरिका आणि कॅनडात २०१० मध्ये फोर्डच्या विंडस्टार गाड्यांचा मागचा एक्सल गंजून तडकत होता, म्हणून सुमारे पावणेसहा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. तडा गेलेला एक्सल बदलायचा आणि बाकीच्यांना आधाराचे ब्रॅकेट बसवायचे, असं ते काम होतं. एकाच रिकॉलमध्ये शेजाऱ्याला नवा भाग आणि तुम्हाला फक्त पट्टी, असं होऊ शकतं. त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण तुमच्या गाडीची तपासणी नेमकी कशी झाली हे कळायचा हक्क तुम्हाला आहे. त्यांनी काय मोजलं, कुठला बॅच नंबर वाचला, कुठं तडा शोधला, हे विचारा. "तपासलं, ओके" हे दोन शब्द पुरेसे नाहीत. तपासलेल्या भागाचा रॅम्पवरचा फोटो मागा, नाहीतर स्वतः काढा. सुरक्षेचं कारण सांगून आत सोडत नसतील, तर काचेपलीकडून का होईना, दाखवायला सांगा.

भाग बदलला जात असेल तर तीन गोष्टींकडे लक्ष द्या, कारण चांगला भागही चुकीचा बसवला की बिघडतो.

पहिली गोष्ट आवळण्याची. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी रॅम्पवर लटकलेली असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर ते बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) करायचं असतं. "रिकॉल झाल्यावर आवाज आणखी वाढला" अशा तक्रारींच्या मागे हे एक कारण असू शकतं. टेक्निशियनला हे नम्रपणे, पण आधी विचारा.

दुसरी गोष्ट नट-बोल्टची. सस्पेन्शनचे काही नट-बोल्ट एकदाच वापरायचे असतात. कंपनीच्या सूचनेत तसं असेल तर ते नवीन लागतात, आणि रिकॉलच्या कामात त्यांचे पैसे तुमच्याकडून घेता कामा नयेत.

तिसरी गोष्ट अलाइनमेंटची. लोअर आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडला हात लावला की चाकांचा कोन बदलतो. अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घेऊ नका. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. अलाइनमेंटचे वेगळे पैसे मागितले, तर रिकॉलच्या कामामुळे ती करावी लागली हे लक्षात आणून द्या. ती त्याच दुरुस्तीचा भाग आहे.

संध्याकाळी गाडी घेताना बिल शून्य रुपयांचं असलं तरी ते घ्याच. मोहिमेचा क्रमांक, बदललेल्या भागाचा पार्ट नंबर आणि "काम पूर्ण" असा शेरा त्यावर हवा. बरेच जण "पैसे लागले नाहीत, मग बिल कशाला" म्हणून निघून येतात आणि पुढं त्यांच्या गाडीचा रिकॉल झाला हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. जुना भाग दाखवायला सांगा. तो कंपनीकडे परत जायचा असेल तर हरकत नाही, फोटो काढून घ्या.

परत येताना लगेच घाटरस्ता धरू नका. पोवई नाक्याच्या आसपास किंवा तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, जिथं आधी आवाज येत होता, तिथूनच गाडी न्या. स्टीअरिंग सरळ आहे का आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. काही खटकलं तर त्याच दिवशी फोटो-व्हिडिओसह कळवा. महिन्याभरानं सांगितलं तर पुन्हा रस्त्यांवर बोट दाखवलं जातं.

याच भागासाठी तुम्ही आधी पैसे मोजले असतील तर जुनी बिलं जोडून परताव्याची लेखी मागणी करा. प्रत्येक कंपनीचं याबाबतचं धोरण वेगळं असतं, पण न मागता कोणीच देत नाही.

रिकॉल नाही, पण भाग तुटला

या परिस्थितीत मालक सर्वात एकटा पडतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

तुटलेला भाग टाकू नका आणि भंगारात देऊ नका. गावातला मेकॅनिक सवयीनं तो कोपऱ्यात फेकतो, त्याला आधीच सांगून ठेवा. तुटलेल्या जागेचे जवळून फोटो काढा आणि तेही लगेच, कारण ताजं धातूचं तोंड काही तासांत गंजायला लागतं. त्या तोंडावर बरंच लिहिलेलं असतं. अर्धा भाग काळपट किंवा गंजलेला आणि अर्धा चकचकीत असेल, तर तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता आणि शेवटचा तुकडा आत्ता तुटला. शंख-शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या तर तो थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भारानं वाढलेला तडा. सगळं तोंड सारखंच ताजं असेल, भाग वाकलेला असेल आणि रिमवरही मार असेल, तर आदळ असण्याची शक्यता जास्त. हा अंतिम निवाडा नाही, तो प्रयोगशाळेनं द्यायचा. पण फोटो नसेल तर प्रयोगशाळेलाही आधार उरत नाही. रिम आणि टायरचेही फोटो घ्या. त्यांच्यावर मार नसेल तर "खड्ड्यात आदळली" हे म्हणणं आपोआप कमकुवत होतं.

गाडी बनवणाऱ्याचा पहिला बचाव चालकावर ढकलण्याचा असतो, हे जगभर दिसतं. ऑक्टोबर २०२० मध्ये टेस्लानं चीनमध्ये सस्पेन्शनच्या दुव्यांसाठी मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या सुमारे ३० हजार गाड्यांचा रिकॉल केला. त्याच वेळी अमेरिकी नियामकाला लिहिलेल्या पत्रात दोष नाकारून चालकांच्या गैरवापराकडे बोट दाखवलं. चीनमधल्या मालकांच्या बाजूनं तिथला नियामक उभा राहिला म्हणून दुरुस्ती झाली. आपल्याकडे तो दरवाजा २०२१ पासून उघडा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. त्यानुसार दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीला दुरुस्ती करावी लागते, गाडी बदलून द्यावी लागते किंवा किंमत परत करावी लागते. यासाठीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी बनल्यापासून ७ वर्षांच्या आत असली पाहिजे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तिथून मोजा. सक्तीच्या रिकॉलमध्ये गाडीचा प्रकार आणि संख्या पाहून कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाचं वाहन रिकॉल पोर्टल आहे, मालक तिथं थेट तक्रार नोंदवू शकतात. वर्षाला त्या मॉडेलच्या किती गाड्या विकल्या गेल्या, त्यानुसार किती तक्रारी आल्यावर चौकशी सुरू व्हायची याची मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे प्रत्येक तक्रार मोजली जाते. साताऱ्यात एकाच मॉडेलचा तोच भाग चार जणांचा तुटला आणि चौघांनीही गॅरेजमध्ये बसून चर्चा केली, तर दिल्लीत त्याची नोंद शून्य. चौघांनी स्वतंत्रपणे, आपापल्या चेसिस नंबरवर तक्रार टाकायला हवी. एकानं सगळ्यांच्या वतीनं लिहून भागत नाही. ओळखीत कोणाचा असा भाग तुटला असेल तर त्याच्या शेजारी बसून, फोटो जोडून, ती तक्रार भरून द्या.

दाद मागायची पायरी

सर्व्हिस ॲडव्हायजर, मग वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं विभागीय कार्यालय. तिथं उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, जिथं मराठीतही तक्रार देता येते. मोठ्या कंपन्यांकडून या टप्प्यावरही कधी कधी हालचाल होते, म्हणून तो वगळू नका.

तरीही काम झालं नाही तर सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढं १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १००० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. सर्व्हिस सेंटर "बघू, बघू" म्हणत राहिलं म्हणून ही मुदत वाढत नाही, तारीख वहीत लिहून ठेवा. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दोष सिद्ध करायला तांत्रिक तपासणी लागणार असेल तर भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा अशी विनंती आयोगाला करा. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी मान्यताप्राप्त संस्था पुण्यातच आहे.

वडापवाल्यांना आणि टेम्पोवाल्यांना बऱ्याचदा सांगितलं जातं की तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी असेल तर कायदा त्या माणसाला ग्राहकच मानतो. तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा आणि स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स जोडा.

अपघात झाला असेल तर

पंचनाम्यात तुटलेल्या भागाचा उल्लेख करायला पोलिसांना सांगा. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला येतात तेव्हा हजर राहा आणि तो भाग दाखवा, कारण त्यांच्या अहवालात यांत्रिक दोषाबद्दलचा रकाना असतो आणि पुढं सगळे तोच वाचतात. विमा कंपनीच्या सर्व्हेअरचं काम पूर्ण होईपर्यंत गाडी हलवू नका, आणि भाग ताब्यात घेताना पावती घ्या. विम्यात यांत्रिक बिघाडानं तुटलेल्या मूळ भागाचा खर्च सहसा बसत नाही. त्यामुळे त्या भागाचा दावा कंपनीवर आणि अपघातातल्या बाकी नुकसानीचा दावा विम्यावर, असे दोन अर्ज वेगळे ठेवा.

जुनी गाडी घेताना किंवा विकताना

विकताना रिकॉलचं शून्य रुपयांचं बिल आणि अलाइनमेंटचे प्रिंट नव्या मालकाच्या हातात द्या. घेत असाल तर टोकनची रक्कम देण्याआधी चेसिस नंबरवर रिकॉल बाकी आहे का ते तपासा. बाकी असेल तर ते काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या, किंवा अधिकृत केंद्रातली तारीख तुमच्या फोन नंबरवर नोंदवून घेतल्यावरच व्यवहार पुढं न्या.